भांडणातलं झाड

थमनाच्या गच्चीवर दुधाच्या पावडरीचे इतके रिकामे डबे ओळीने मांडलेले होते, की नव्या माणसाला वाटावं, या घरात लोक चहाखेरीज काही पीतच नाहीत. प्रत्येक डब्यात माती होती, मातीत बी होतं, आणि मातीच्या वर तीन वर्षांत काहीही आलेलं नव्हतं.

लोबानाचं झाड घरी बी पेरून वाढवायचं, हे खूळ नवरा गेल्यानंतर तिच्या डोक्यात शिरलं. सदह गाव समुद्राकाठी आणि लोबानाची झाडं डोंगरापलीकडच्या कोरड्या घळींत. गावात खापरपणजोबापासून धंदा एकच. झाडाच्या सालीला चीर द्यायची, पांढरे थेंब बाहेर येऊन वाळू द्यायचे आणि खरवडून आणायचे. झाड कुठून येतं हे कुणी विचारलंच नव्हतं. ते खडकावर असतं. अल्लाने ठेवलेलं असतं. त्यामुळे एक बाई डब्यात बी पेरून त्याच्यापुढे उकिडवी बसते, म्हणजे एकटेपणाने तिचं डोकं जरा हललंय, अशी गावाने आपली सोयीची समजूत करून घेतली.

सगळ्यांत जास्त हसायचा तो तिचा धाकटा भाऊ कथूर. एकाच आवारात राहायचा, त्यामुळे त्याला हसायला लांब जावं लागत नसे.

"पहिल्या वर्षी लेंडीखत घालून सगळं जाळलंस, दुसऱ्या वर्षी समुद्राची वाळू घालून खारवलंस," तो जिन्यावरून ओरडायचा. "या वर्षी काय, बियांना पोहायला शिकवतेस?"

"तू तुझी झाडं सांभाळ."

"झाडं उभी आहेत की!"

"म्हातारी आहेत सगळी. वडिलांच्या घळीत तू शेवटचं रोपटं कधी पाहिलंस, सांग बरं. जे उगवतं ते उंट खातो, नाहीतर शेळी खाते. दर वर्षी एखादं झाड आडवं होतं, आणि तू उरलेल्यांना आणखी खोल चिरा देतोस."

"म्हातारी झाली की झाडं मरतात. माणसं मरत नाहीत का?"

"माणसांना पोरं असतात, कथूर."

 यावर कथूर जेवणात मीठ जास्त झाल्याची तक्रार करायचा.

त्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला आणि झाडांवरची बोंडं तांबूस होऊन वाळायला लागली, तेव्हा थमना शेळ्या घेऊन घळीत गेली. बी गोळा करायला ती नेहमी एकाच झाडाकडे जायची. वडिलांच्या वेळेपासून सगळ्यांत जास्त लोबान देणारं, बुंध्यावर जागा उरणार नाही इतक्या चिरा अंगावर मिरवणारं ते झाड होतं. उत्तम झाडाचं बी उत्तम, इतका साधा हिशोब. ओंजळभर बोंडं तोडून ती सावलीत बसली आणि सहज, काही कारण नसताना, तिने एक बी पुढच्या दातांत धरून चावलं.

आत काही नव्हतं. नुसतं टरफल.

तिने दुसरं चावलं. तेही पोकळ. मग ती चावतच सुटली. ओंजळ संपली, ओठ चिकट झाले, पण गर म्हणून कशात सापडला नाही. ती शेजारच्या झाडाकडे गेली, मग त्याच्या शेजारच्या. सगळीकडे तीच तऱ्हा. तीन वर्षं ती पहाटे उठून, प्रार्थना करून, कोमट पाणी शिंपडून टरफलं पेरत होती. थमनाला आधी रडू आलं आणि मग स्वतःचाच इतका राग आला, की तिने चपला काढून एका दगडाला मारल्या.

एवढ्यात वरच्या खडकाकडून तिची बदामी शेळी उड्या मारत खाली आली. ही शेळी जिथे जाऊ नये तिथेच जायची. तिच्या केसांत वाळक्या बोंडांचा भुगा आणि दोन-चार बिया अडकल्या होत्या. थमनाने रागारागानेच एक ओढून दातांत धरली.

कट्.

तिने चावणं थांबवलं. जिभेवर तेल उतरलं होतं, कडवट आणि सुवासिक. तिने बी तळहातावर थुंकून पाहिलं तर आत पांढराशुभ्र गर. दुसरं फोडलं, त्यातही गर! थमनाने अशी आरोळी ठोकली की शेळ्या दाही दिशांना पळाल्या. आणि मग तिने मान वर करून पाहिलं, ही बदामी अवदसा नेमकी कुठून आली होती.

ती आली होती भांडणातल्या झाडाखालून.

थमनाच्या वडिलांची झाडं घळीच्या वाळवंटाकडच्या अंगाला आणि मिस्तहीलच्या घराण्याची समुद्राकडच्या. दोन्हींच्या बरोबर मधे एका खडकावर ते झाड होतं. थमना लहान होती तेव्हा तिच्या वडिलांनी म्हटलं, हे आमचं. मिस्तहीलने म्हटलं, आमचं. काठ्या निघाल्या, एकाचं डोकं फुटलं आणि शेवटी वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला तो असा: निकाल लागेपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही. ज्याचा हात आधी लागेल त्याचा हक्क गेला. निकाल काही लागला नाही. वडील गेले, डोकं फुटलेलाही गेला, आणि दोन्ही घराण्यांचं बोलणं बंद झालं ते झालंच. दोन्ही बाजूंनी डोळ्यांत तेल घालून झाडाची राखण मात्र चालू राहिली. बोंडच काय, खाली पडलेला थेंबही कुणी उचलत नसे. आख्ख्या घळीत अंगावर एकही चीर नसलेलं तेवढं एकच झाड होतं.

थमना झाडाकडे बघत उभी राहिली. तिला सगळं एकदम कळलं. ज्या झाडाला दर वर्षी जखमा होतात त्याचा सगळा जीव जखमा भरण्यात जातो. पोरं जन्माला घालायला त्याच्याकडे उरतं काय? ज्याला कुणी हात लावला नाही, तेच तेवढं भरल्या पोटाचं राहिलं होतं.

आणि त्याच क्षणी तिला दुसरी गोष्ट आठवली. शेख तम्मान या भांडणाला कंटाळले होते. गावातले सगळ्यांत मोठे तेच, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. त्यांनी दोन्ही घरांकडून शब्द घेतला होता, की खरीफचं, म्हणजे पावसाळ्यातलं, धुकं ओसरलं की समेट करायचा. एक वर्ष झाड या घराचं, एक वर्ष त्या घराचं. समेटाच्या दिवशी कथूर आणि मिस्तहीलने सर्वांसमोर झाडाला एकेक चीर द्यायची, म्हणजे मामला मिटला. म्हणजे भरलेलं बी मिळण्याचा हा शेवटचा हंगाम होता.

ती घरी पोचली तेव्हा कथूर जेवायला बसला होता. तिने त्याच्या ताटात फोडलेलं बी ठेवलं.

"हे बघ! गर आहे!"

"अगं, भातात कशाला टाकतेस?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. कथूरचा घास हातातच राहिला, पण भलत्याच कारणाने.

"तू त्या झाडाला हात लावलास?"

"मी नाही. शेळीने."

"शेळी कुणाची?"

"शेळीला हात असतात का?"

कथूर विचारात पडला. कायद्याच्या गोष्टींत त्याला भारी रस. "शेळी चालेल," तो शेवटी म्हणाला. "पण तू नाही. बोंड तोडलंस तर हक्क गेला. खाली पडलेलं बी उचललंस तरी गेला. मिस्तहील दुर्बीण घेऊन बसतो तिथे! माझ्या बापाचं झाड मी एका मुठीसाठी घालवणार नाही, थमने. समजलं?"

"आणि वारा?"

"वाऱ्याचं काय?"

"बी हलकं असतं, बोंड फुटलं की उडतं. वाऱ्याने ते आपल्या हद्दीत आणून टाकलं, आपल्याच चादरीवर, तर?"

कथूरने दाढी खाजवली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं. "वारा अल्लाचा," तो म्हणाला. "चादर आपली. यात मिस्तहील काय बोंब मारणार?" आणि तीन वर्षं हसलेला हा माणूस ताट तसंच टाकून चादरी शोधायला उठला.

घरातल्या सगळ्या चादरी, दोन पडदे आणि कथूरच्या लग्नातल्या तंबूचं कापड गाडीत भरून बहीणभाऊ घळीत पोचले. दुपारी वारा समुद्राकडून वर यायचा, झाडावरून थेट त्यांच्या अंगाला. त्यांनी हद्दीच्या अलीकडे काठ्या ठोकल्या, कापडं बांधली, कडा दगडांनी दाबल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी धुणं वाळत घालायला डोंगर ओलांडून आलंय.

लांबून पाहणारा होताच. पलीकडच्या अंगाला एक जुनी पांढरी पिकअप येऊन थांबली. तिच्यातून सत्तरी ओलांडलेला, काडीसारखा वाळलेला मिस्तहील उतरला. त्याने कडू कॉफीचा, कहव्याचा थर्मास काढला, दुर्बीण काढली आणि झाडाच्या पलीकडच्या अंगाला मांडी घालून बसला. शत्रू पडदे लावतोय म्हणजे काहीतरी कारस्थान आहे, एवढं त्याला कळत होतं. काय कारस्थान, ते कळत नसल्यामुळे तो फार अस्वस्थ दिसत होता.

ऊन तापलं. बोंडं फुटायला लागली. खरंच, टिकटिक ऐकू यायला लागली! थमनाने कथूरचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला. समुद्राचा वारा आला, पहिल्या दोन-तीन बिया गिरक्या घेत चादरीकडे निघाल्या, आणि मधेच थबकल्या. वारा पडला. मग पाठीमागून, वाळवंटाकडून, भट्टीचं दार उघडावं तसा गरम झोत आला, आणि झाडावरचं सगळं बी एका दमात उडून पलीकडे गेलं.

ते मिस्तहीलवर पडलं. त्याच्या फेट्यावर, दाढीत, कहव्याच्या पेल्यात, मांडी घातल्यामुळे झालेल्या लुंगीच्या झोळीत. म्हातारा आधी दचकला, मग कुरकुरत अंग झटकायला उठू लागला.

"उठू नका!" थमना किंचाळली. "काका, उठू नका! मांडी झटकू नका!"

या घरातून त्या घराशी जवळपास चाळीस वर्षांत कुणी बोललेलं नव्हतं. मिस्तहील अर्धवट उठलेला तसाच थांबला.

"कोण बोलतंय?"

"मी! थमना!"

"का नको उठू?"

"तुमच्या मांडीत झाडं आहेत!"

कथूरने कपाळावर हात मारून घेतला. "सांग, सांग! आता सगळंच सांग त्याला!" पण थमनाचं भान सुटलं होतं. हद्दीच्या दगडाशी उभी राहून तिने पलीकडे ओरडून सगळं सांगितलं: पोकळ बिया, भरलेल्या बिया, जखमा, घरचे डबे, एकूण एक. मिस्तहील वाकून, दाढी धरून ऐकत राहिला. मग त्याने एक बी उचललं, दात नव्हते म्हणून दोन दगडांत फोडलं आणि बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे हे तुम्हाला हवंय," तो म्हणाला.

"हो!"

"माझ्या हद्दीत पडलंय."

"हो, पण..."

"वारा अल्लाचा," मिस्तहील म्हणाला, "आणि लुंगी माझी." त्याने फेटा सोडला, एकेक बी वेचून त्यात बांधलं, पेल्यातल्या बियासुद्धा काढल्या, आणि गाडी चालू करून निघून गेला.

कथूर घरी येईपर्यंत शिव्या देत होता. थमना मात्र बियांचाच विचार करत होती. बी जिवंत होतं, तिने ते उडताना पाहिलं होतं, आणि ते आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एका हट्टी म्हाताऱ्याच्या फेट्यात होतं. तो त्याचं काय करणार? ती रात्र तिने तळमळत काढली आणि सकाळी तुपाची बरणी घेऊन, कथूरला न सांगता, थेट मिस्तहीलच्या दारात गेली.

दार त्याची बायको तुफूलने उघडलं. ती गोल, हसरी बाई होती, आणि शत्रूच्या घरची बाई दारात पाहून तिला इतका आनंद झाला की तिने थमनाला हात धरून आतच ओढलं. "ये गं ये! किती वर्षांनी! तुझी आई असताना यायचीस, आठवतं का? अहो, पाहुणी आलीय!"

मिस्तहील अंगणात होता.  लग्नकार्यात आख्खा बकरा मांडतात त्या परातीत त्याने काळीभोर बागेची माती भरली होती, बी पेरलं होतं आणि तो रबरी नळीने गुरांच्या घासाला द्यावं तसं भसाभसा पाणी देत होता. परातीत चिखलाचं तळं झालं होतं.

तुफूलने कहव्याचा पेला आणून दिला. थमनाने तो घेतला, ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला आणि सरळ बसली.  मागणं घेऊन आलेला पाहुणा असाच पेला खाली ठेवतो. यजमानाने 'दिलं' म्हटल्याखेरीज तो पीत नाही, आणि यजमानाने नाही म्हटलं तर पेला तसाच टाकून उठतो, मग आयुष्यभर तोंड पाहायचं नाही.

मिस्तहीलने नळी खाली टाकली. "झाड मागायला आली असशील, तर होऊ दे थंड," तो म्हणाला. "बी मागायला आली असशील, तरी होऊ दे."

"पाणी घालू नका," थमना म्हणाली.

"काय?"

"मला दुसरं काही नको. त्यात पाणी घालू नका."

"एवढंच?"

"काका, तुम्ही त्यांना बुडवताय! खडकावरचं झाड आहे ते, त्याला दंव पुरतं. आज असंच राहिलं तर उद्या सगळं कुजेल." तिने परातीकडे बोट केलं. "बी तुमचं. उगवलं तर रोपं तुमची, तुमच्याच अंगणात राहू देत. मी हातसुद्धा लावणार नाही म्हणाल तर नाही लावणार. पण मरू देऊ नका. मी तीन वर्षं वाट बघतेय."

हे बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. काल संध्याकाळपर्यंत तिला बी आपल्या गच्चीवर हवं होतं. आता ते कुठे का असेना, उगवायला हवं होतं.

म्हातारा परातीकडे पाहत राहिला. मग तुफूलकडे. तुफूलने त्याला असे काही डोळे दाखवले की कुठल्याही बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"दिलं," मिस्तहील पुटपुटला.

थमनाने पेला उचलून एका घोटात रिकामा केला आणि बाह्या वर सारल्या. दोघी बायकांनी चिखलातून एकेक बी बोटांनी शोधून काढलं, फडक्यावर टिपलं. मिस्तहीलला घळीतली खडी आणायला पाठवलं. घरातल्या रिकाम्या डब्यांना खालून भोकं पाडली, खडी भरली, बी वरच्यावर ठेवलं. पाण्यासाठी तुफूलने इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर फवारायची बाटली काढून दिली. "आणि ही नळी?" मिस्तहीलने विचारलं. "ती मला द्या," तुफूल म्हणाली, आणि तिने ती लपवून ठेवली.

त्यानंतर थमना रोज जायची. कथूरने बोलणं टाकलं. "शत्रूच्या घरी कहवा पिऊन आलीस," एवढंच एक वाक्य तो जेवताना भिंतीला उद्देशून म्हणायचा. पण ती परत आली की जिन्यात घुटमळायचा आणि ती काही सांगते का ते पाहायचा. ती काही सांगायची नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. काही डब्यांत बुरशी आली. एका डब्यात कोंबडीने चोच मारली, तेव्हा मिस्तहीलने सगळ्या कोंबड्या सासुरवाडीला धाडल्या. धुकं समुद्रावरून सरकत यायला लागलं.

मग एका सकाळी कथूरच्या फाटकासमोर गाडीचा भोंगा वाजायला लागला, तो थांबेचना. कथूर काठी घेऊन बाहेर धावला. बाहेर पांढरी पिकअप होती आणि मिस्तहील फेटा न बांधताच स्टिअरिंगमागे बसला होता.

"चल!" तो थमनाला ओरडला. "चल, चल, चपला राहू देत! आलंय!"

थमना अनवाणीच गाडीत चढली. अंगणात तुफूल डब्यांवर वाकून उभी होती, श्वास लागला तर उडून जाईल अशा भीतीने तोंडावर पदर धरून. थमना गुडघ्यांवर बसली. खडीच्या दोन कणांमधून एक लालसर देठ वर आला होता, आणि त्याच्या टोकाला दोन पानं, कडा कातरलेली, इवल्या बोटांचे पंजे उघडावेत तशी. शेजारच्या डब्यात आणखी एक. त्याच्या पुढच्यात दोन! एकाच्या डोक्यावर बियाचं टरफल अजून टोपीसारखं होतं.

थमना हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. तुफूलने तिला मिठी मारली. मिस्तहील भोवती फेऱ्या मारत होता आणि पुन्हा पुन्हा मोजून दर वेळी वेगळा आकडा सांगत होता.

"कुठेय? बघू!" फाटकातून आवाज आला. कथूर. आपल्या गाडीने मागोमाग आला होता, काठी अजून हातातच. तो वाकला आणि पानांना जवळजवळ नाक लावून पाहत राहिला. बापाच्या घळीत वाढलेल्या या माणसाने लोबानाचं एवढंसं पोर जन्मात पाहिलं नव्हतं. मग तो सरळ झाला आणि घसा खाकरला.

"बी आमच्या झाडाचं आहे," तो म्हणाला. "अर्धी रोपं आमची."

"तुमच्या झाडाचं?" मिस्तहील गर्रकन वळला. "तुमचं झाड कधी झालं रे ते?"

"माझ्या आजोबाचं आहे!"

"तुझा आजोबा त्या खडकावर चढला तरी होता का कधी? उंटावर बसवायलाही दोघं लागायची त्याला!"

"शांत व्हा, शांत व्हा," तुफूल म्हणायला लागली, पण थमनाने तिचा हात दाबला. ती दोघांकडे डोळे विस्फारून पाहत होती. 

"थांबू नका," ती म्हणाली.

दोघे थांबले.

"हे भांडण मिटवू नका. खरीफ संपला की तुम्ही दोघं चीर देणार. मग पुढच्या वर्षी बी पोकळ. त्याच्या पुढच्याही वर्षी. ही एवढीच रोपं, बस्स. यातली किती जगतील?" तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "त्या झाडाला तुमच्या भांडणाने राखलंय. दुसऱ्या कुणी नाही."

कथूरने काठी भिंतीला टेकवली.

"शेखना शब्द दिलाय," मिस्तहील म्हणाला.

"आणि शेखपुढे खोटं भांडायचं?" कथूर म्हणाला. "मला नाही जमणार. मला हसू येईल."

धुकं ओसरलं आणि समेटाचा दिवस उजाडला. दोन्ही घराण्यांचे पुरुष घळीत जमले, बकरा कापला गेला, भाताच्या पराती आल्या. शेख तम्मान नवी शाल पांघरून आले होते आणि फार खुशीत होते. बायका खडकाच्या सावलीत बसल्या. थमनाने शेजारी बसलेल्या तुफूलचा हात घट्ट धरला होता.

"चला," शेख म्हणाले. "उशीर नको. उचला हत्यारं."

दोघांच्या हातात चीर द्यायची एकेक बोथट सुरी होती. दोघं झाडापाशी गेले. साल कागदासारखी सुटलेली, खालचा बुंधा गुळगुळीत, कुठे डाग नाही. कथूरने ओठ हलवले, पण आवाज आला नाही.  मिस्तहीलने त्याच्याकडे पाहिलं, वाट पाहिली, पुन्हा पाहिलं. काहीच होईना. सगळे बघत होते. मिस्तहीलचा हात वर गेला, सुरीचं पातं सालीला टेकलं, आणि थमनाने डोळे मिटून घेतले.

"तिकडून नको," कथूरचा बारीक आवाज आला.

"का?"

"ती... ती बाजू आमची आहे."

"तुमची कशी?" मिस्तहीलने अगदी सभ्यपणे विचारलं.

"सावली आमच्याकडे पडते."

"सकाळी. दुपारी आमच्याकडे पडते."

"माझे वडील सांगायचे..."

"तुझे वडील," मिस्तहील म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "तुझा बाप माझा जिवलग दोस्त होता रे! याच खडकावर आम्ही एका ताटात जेवायचो. आणि त्याने सगळ्यांसमोर मला खोटारडा म्हटलं. या झाडापायी. मेला तेव्हा मला कुणी खांदासुद्धा देऊ दिला नाही!"

"मग भांडलात कशाला?"

"कारण झाड आमचं आहे!"

"आमचं आहे!"

कथूरने सुरी फेकली. मिस्तहीलने फेटा फेकला. पुतणे उठले, चुलत भाऊ उठले, कुणाचा तरी पाय परातीत पडला. थमनाने डोळे उघडले तेव्हा आख्खी घळ गर्जत होती, आणि यात खोटं काही नव्हतं. म्हातारा खरोखर रडत होता, कथूर खरोखर ओरडत होता, आणि झाड दोघांच्या मधे जसंच्या तसं उभं होतं.

"बास!" शेख तम्माननी शाल झटकली. त्यांच्या दाढीला भात लागला होता. "बास! तुम्ही सुधारणार नाही! झाडाला कुणी हात लावायचा नाही, जसं होतं तसं राहील! मी पुन्हा यात पडणार नाही. हे भांडण आता तुमची नातवंडं मिटवतील, नाहीतर त्यांची नातवंडं!"

"इन्शाल्ला," खडकाच्या सावलीतून थमना म्हणाली, आणि ती ते इतक्या मनापासून म्हणाली, की शेख जाता जाता थांबून तिच्याकडे बघतच राहिले.